खापराचा धडा

महाराष्ट्रातलं मूल चौथीत शिवछत्रपती शिकतं आणि पाचवीत अश्मयुगात जाऊन पडतं. चौथीच्या पुस्तकात माणसांना नावं आहेत, किल्ल्यांना नावं आहेत, कोण कुणाला काय म्हणालं तेही ठाऊक आहे. पाचवीच्या ‘परिसर अभ्यास भाग २’मध्ये इतिहास म्हणजे काय, काळ कसा मोजायचा, उत्क्रांती, दगडाची हत्यारं, गाव-वसाहती असे धडे एकामागून एक येतात आणि त्या लाखो वर्षांत कुणाचंच नाव येत नाही. तानाजी नाही, हिरोजी नाही, अफझलखानही नाही. दहा वर्षांच्या मुलाला एवढ्या अनोळखी गर्दीत सोडून दिल्यावर शिक्षकाने काय करायचं? बहुतेक ठिकाणी रिकाम्या जागा भरून घेतल्या जातात आणि दोन-तीन आठवड्यांत अश्मयुग आटोपतं.

पुस्तकावर खापर फोडण्यात अर्थ नाही. धड्यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. सहावीत ‘इतिहासाची साधने’ हा स्वतंत्र पाठ आहे आणि त्यात भौतिक, लिखित, मौखिक असे प्रकारही दिले आहेत. वर्गात राहून जातो तो एकच प्रश्न: हे आपल्याला कळलं कसं? नाव नसलेल्या माणसांबद्दल बोलताना हाच प्रश्न आधी यायला हवा, कारण त्यांच्या बाजूने बोलायला बखर नाही, पोवाडा नाही, पत्र नाही. आहेत त्या फक्त वस्तू.

लहान वयात पुरातत्त्वाची ओळख करून द्यावी का, आणि द्यायची तर कशी, यावर वेगवेगळ्या देशांनी आपापली उत्तरं शोधली आहेत. त्यांतलं सर्वांत विलक्षण उत्तर मला जपानचं वाटतं. महायुद्ध संपेपर्यंत तिथल्या मुलांच्या इतिहासाची सुरुवात सूर्यदेवतेपासून व्हायची आणि सम्राट तिचा वंशज ठरायचा. १९४५च्या पराभवानंतर मुलांनी आपल्याच हातांनी पाठ्यपुस्तकांतल्या ओळींवर शाई फिरवली. १९४६ साली ‘कुनी नो आयुमी’ हे नवं पुस्तक आलं, ते देवतांऐवजी अश्मयुगातल्या माणसांपासून सुरू झालं. पुढच्या वर्षी शिझुओकाजवळ तोरो इथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या भातखाचरांचं उत्खनन सुरू झालं आणि विद्यार्थी मदतीला धावले. १९५३ साली ओकायामा भागातल्या त्सुकिनोवा या प्राचीन थडग्याच्या उत्खननात शेतकरी, शिक्षक आणि शाळकरी मुलं मिळून सुमारे दहा हजार जणांचा हातभार लागला. यामागे जुन्या मडक्यांचं प्रेम असेलच, पण मोठ्यांनी आपल्याला खोटं शिकवलं हे कळल्यावर हातात धरता येईल असा पुरावा त्या पिढीला हवा होता. पुढे तो भर ओसरला. आता तिथल्या पुरातत्त्व केंद्रांत मुलं दगड घासून मणी करतात, जोमोन या प्रागैतिहासिक काळातल्या पद्धतीची मडकी भाजतात. छान उपक्रम आहे, पण १९५३ची धग त्यात नाही.

इंग्लंडने हे काम अभ्यासक्रमातून केलं. तिथे प्राथमिक शाळेतला देशाचा इतिहास बराच काळ रोमनांपासून, म्हणजे लिखित पुराव्यापासून सुरू व्हायचा. सप्टेंबर २०१४पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमाने सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी अश्मयुगापासून लोहयुगापर्यंतचा काळ सक्तीचा केला. शाळेबाहेर तर १९७२पासून मुलांसाठी पुरातत्त्व मंडळ चालतं. गावोगावी त्याच्या शाखा आहेत आणि त्या स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. मला अधिक महत्त्वाची वाटते ती तिथल्या संग्रहालयांची एक साधी सवय. ती शाळांना पेट्या उसन्या देतात. पेटीत खरी खापरं, हाडं, गारगोटीची हत्यारं असतात. मुलांनी ती हाताळायची आणि महिन्याभराने पेटी परत जायची. आपल्याकडे संग्रहालयात ‘हात लावू नये’ ही पाटी आधी दिसते, वस्तू नंतर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५मध्ये शाळांपर्यंत जाणारी बस सुरू केली आणि २०१९मध्ये मुलांसाठी वेगळं संग्रहालय उघडलं, हे सन्माननीय अपवाद. पण असे एक-दोन उपक्रम एवढ्या मोठ्या राज्याला कसे पुरणार?

अमेरिकेतला वाद आपण नीट ऐकायला हवा. तिथल्या शाळांत खोट्या उत्खननाची टूम निघाली. वाळूच्या खड्ड्यात फुटक्या बरण्या आणि मणी पुरायचे, मुलांच्या हाती खुरपी आणि ब्रश द्यायचे, मुलं हरखून खणतात. दिसायला हा उपक्रम निरुपद्रवी आहे. पण अनेक पुरातत्त्वज्ञांनीच त्याला हरकत घेतली. मूल यातून काय शिकतं? खणलं की सापडतं, आणि सापडणं म्हणजे जिंकणं. खऱ्या उत्खननात एक थर काढला की तो कायमचा गेला. पुन्हा मांडता येत नाही. म्हणून नोंद आधी, वस्तू नंतर. नैऋत्य अमेरिकेत प्वेब्लो लोकांच्या जुन्या वस्त्या मडक्यांच्या हव्यासापायी लुटल्या गेल्या होत्या, त्यामुळे ही भीती कल्पनेतली नव्हती. १९९०च्या दशकात तिथे शाळांसाठी जो पुरातत्त्व प्रकल्प उभा राहिला त्याने फावड्याला बाजूला सारून निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक शिकवण्यावर भर दिला. त्याच देशात कोलोरॅडोमधलं क्रो कॅनियन केंद्र १९८३पासून शाळकरी मुलांना खऱ्या उत्खननावर नेतं, पण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि शिस्तीत. दोन्ही बाजूंना दम आहे. पण बारा वर्षांखालच्या मुलांच्या हाती खुरपं देऊ नये, या बाजूला मी आहे.

महाराष्ट्रात तर याला आणखी एक कारण आहे. जुनी जागा म्हटली की आपल्याकडे पहिला शब्द तोंडात येतो तो गुप्तधन. गढ्या, पडकी देवळं, किल्ल्यांवरची जोती रात्रीतून उकरलेली आढळतात. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधापायी होणाऱ्या अघोरी कृत्यांचाही समावेश करावा लागला, इतकं हे वेड जुनं आणि क्रूर आहे. ज्या गावात मोठी माणसं हंड्यासाठी खड्डे खणतात तिथल्या शाळेने मुलांना खड्डा खणण्याचा आनंद शिकवू नये. तिथे शिकवायचं ते हे, की वस्तूपेक्षा वस्तूची जागा मोलाची असते.

ते शिकवायला दायमाबादइतकं चांगलं उदाहरण नाही. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी असलेल्या या गावात १९७४ साली एका गावकऱ्याला झाडाच्या बुंध्याशी खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. वजन सगळं मिळून साठ किलोंच्या वर. रथाची लांबी साधारण ४५ सेंटिमीटर, आणि प्राणी चाकांवर फिरतील असे घडवलेले. चित्र दाखवलं तरी चौथी-पाचवीची मुलं पुढे सरसावतील. पण या वस्तू उत्खननातल्या थरात सापडल्या नाहीत, म्हणून त्या नेमक्या कोणत्या काळातल्या यावर विद्वान अजून भांडतात. पुढे तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन झालं, पण त्या वस्तूंच्या भोवतीची माती केव्हाच उकरली गेली होती. त्या गावकऱ्याचा यात काही दोष नाही. पण वर्गात एवढी एक गोष्ट नीट सांगितली की थर म्हणजे काय आणि तो मोडला की काय हरवतं, हे दहा वर्षांच्या मुलाला कळतं. वाळूचा खड्डा लागत नाही.

मग वर्गात करायचं काय? याचं उत्तर शिरूर तालुक्यातल्या इनामगावात आहे, आणि गंमत अशी की ते दिल्लीच्या पुस्तकाने आपल्याआधी ओळखलं. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हे उत्खनन केलं. सांकलिया, धवळीकर आणि अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं एक शेतकरी गाव त्यांनी जवळजवळ घरागणिक उलगडलं. शंभराहून अधिक घरं, दोनशेहून अधिक दफनं, धान्याचं कोठार, पाण्याचा पाट. एन.सी.ई.आर.टी.च्या २००६च्या सहावीच्या इतिहासात या गावातल्या एका दफनाची गोष्ट होती. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घातलेल्या स्थितीत एक माणूस पुरलेला आढळला. पुस्तक एवढं सांगायचं आणि मुलांना विचारायचं: हा गावप्रमुख असेल का? कारणं द्या.

‘कारणं द्या’ या दोन शब्दांत सगळं पुरातत्त्व आलं. घर मोठं होतं, कोठार जवळ होतं, दफन इतरांपेक्षा वेगळं होतं. हे दिसलेलं. तो प्रमुख होता, हे अनुमान. कदाचित तो प्रमुखाचा म्हातारा बाप असेल, कदाचित गावचा मांत्रिक असेल. चाळीस मुलांच्या वर्गात दहा उत्तरं आली तर तास वाया गेला नाही. त्याच गावात प्रौढांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले आढळतात. मेलेला माणूस पळून जाऊ नये म्हणून, असं सांगितलं जातं. पटण्यासारखं आहे, पण तेही अनुमानच. मुलांना हे वाक्य सांगताना ‘बहुधा’ हा शब्द गाळू नये, एवढीच शिक्षकांना विनंती.

इनामगावच्या लहान मुलांबद्दल बोलावं की नाही, हा अवघड प्रश्न आहे. तान्ही मुलं दगावली की त्यांना दोन घडे तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. दफनांपैकी मोठा भाग अशा मुलांचा आहे. त्यांच्या दातांवर उपासमारीच्या आणि आजारपणाच्या खुणा मानवशास्त्रज्ञांना दिसल्या आहेत. पालकांना वाटेल, एवढ्या लहान वयात हे कशाला? मला उलट वाटतं. आपल्या मुलांनी घरात आजी-आजोबांचं जाणं पाहिलेलं असतं, तेराव्याचं जेवण जेवलेलं असतं. मरण आपल्याकडे लपवून ठेवत नाहीत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईने आपलं मूल गावाबाहेर न नेता चुलीच्या आसपास का ठेवलं असेल, या प्रश्नापाशी मुलं हसत नाहीत, घाबरतही नाहीत. ती विचार करतात. शिवाय त्या गावातली मुलं काय खायची तेही सांगता येतं: बोरं, आवळे, जांभळं. बिया सापडल्या आहेत. मरणाची गोष्ट सांगून झाली की बोरांची जरूर सांगावी.

शेवटच्या टप्प्यात या गावातली मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती खालावली, असं धवळीकरांचं म्हणणं. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर मतभेद नोंदवले. हा वाद पाचवीच्या वर्गात न्यायची गरज नाही. पण तज्ज्ञही एकमेकांशी असहमत असतात आणि तरी त्यांचं काम चालतं, हे मुलांच्या कानावर पडलं तर बिघडत नाही.

काळाची जाणीव हा यातला खरा डोंगर. ‘इसवी सनापूर्वी १४००’ हा आकडा मुलाला पाठ होतो, पण तो उलटा का चालतो हे कळत नाही. यावर एक साधा उपाय आहे. एक पिढी पंचवीस वर्षांची धरा आणि मैदानावर मुलं एका रांगेत उभी करा. पहिलं मूल आजचं, दुसरं त्याच्या आई-वडिलांच्या पिढीचं, तिसरं आजी-आजोबांचं. शिवाजी महाराजांचा जन्म सोळाव्या मुलाच्या आसपास येतो. ज्ञानेश्वरी तिसाव्याच्या जवळ. इनामगावची वस्ती ऐन भरात असते तेव्हा सुमारे १३० मुलं पुढे गेलेली असतात. हडप्पापर्यंत पोचायला १८० लागतील, म्हणजे शेजारचे वर्गही बोलवावे लागतील. आणि पाचवीच्या पुस्तकातल्या हातकुऱ्हाडीपर्यंत जायचं म्हटलं तर तालुक्यातली मुलं पुरणार नाहीत. चौथीचा सगळा इतिहास रांगेच्या तोंडाशीच संपला, हे मुलं डोळ्यांनी पाहतात.

आता ‘आदिमानवा’च्या चित्राबद्दल. कातडं नेसलेला, हातात सोटा घेतलेला, ओरडणारा पुरुष हे चित्र तक्त्यांवर, कार्टूनमध्ये, स्नेहसंमेलनात सगळीकडे आहे. बाई चित्रात असलीच तर मागे, चुलीपाशी. हे चित्र नुसतं चुकीचं असतं तर चाललं असतं. पण आश्रमशाळेतून आलेल्या भिल्ल, कातकरी किंवा गोंड मुलाच्या वर्गात ते भिंतीवर लागतं तेव्हा बाकीची मुलं त्याच्याकडे बघून हसतात. आजचा आदिवासी म्हणजे मागे राहिलेला अश्मयुगीन माणूस, ही समजूत शाळेतच रुजते. ती मोडायला तक्ता उतरवणं हा पहिला उपाय. दुसरा म्हणजे पाटण्याची गोष्ट सांगणं. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळाला. त्यावर बारीक रेषांचं नक्षीकाम आहे, वय सुमारे २५,००० वर्षं. महाराष्ट्रात शहामृग होते हे ऐकून मुलं आधी चकित होतात. मग विचारावं: अंड्याच्या कवचावर इतक्या नाजूक रेषा ओढणारा हात सोटा घेऊन ओरडणाऱ्या माणसाचा असेल का?

शाळेबाहेर पडायचं तर फार लांब जावं लागत नाही. किल्ल्याची सहल हवीच, दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना ती आवडतेच. पण जवळपास प्रत्येक जुन्या गावाला पांढरीची जागा असते, जुन्या वस्तीचं राखट मातीचं टेकाड. शेतकरी तिथली माती खत म्हणून शेतात टाकतात आणि पुरातत्त्वज्ञ तिच्यावरूनच जुनी वस्ती ओळखतात. पावसाळ्यानंतर तिथे खापरं उघडी पडतात. गावच्या मारुतीपाशी वीरगळ असतो, बहुधा शेंदूर फासलेला. एखादा गद्धेगाळ असतो, ज्याच्याकडे बघून मुलं खिदळतात आणि शिक्षक नजर वळवतात. (नजर न वळवता सांगावं: दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे, दगडात कोरलेली.) बारव असते. यांतलं काहीही खणावं लागत नाही. बघायचं, मोजायचं, चित्र काढायचं, आणि शेंदूर लावलेल्या दगडाला हात लावण्याआधी गावच्या आजीला विचारायचं. खापरं घासून गोल केलेल्या चकत्याही जुन्या वस्त्यांत सापडतात आणि उत्खननाच्या अहवालांत त्यांची नोंद ठिकरीच्या खेळाची साधनं म्हणून केलेली आढळते. ठिकरी खेळणाऱ्या मुलीला हा पुरावा तज्ज्ञाइतकाच वाचता येतो.

मुलं केवळ शिकत नाहीत, कधी कधी शोधतातही. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेच्या छतावरचे गवे १८७९ साली पहिल्यांदा पाहिले ते आठ वर्षांच्या मारियाने. वडील जमिनीत बघत होते, ती वर बघत होती. विद्वानांनी ती चित्रं बनावट ठरवली आणि १९०२पर्यंत चूक कबूल केली नाही. तमिळनाडूतल्या कीळडीच्या बाबतीत १९७०च्या दशकातच शाळेतल्या मुलांनी घराजवळचे तुकडे आपल्या शिक्षकाकडे आणले होते. सरकारी उत्खनन त्यानंतर चार दशकांनी झालं. गोव्यात कुशावतीच्या काठची उसगाळीमळची खोदचित्रं १९९३मध्ये अभ्यासकांपर्यंत पोचली ती स्थानिक लोकांमुळे. आणि रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं शोधताना सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांची मदत घेतली. मुलांना सांगितलं, घरी आजी-आजोबांना विचारा, सड्यावर कुठे चित्रं पाहिलीत का. त्यातून कितीतरी माहिती हाती आली. ही कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. खुरपं न उचलता, एक प्रश्न घरी नेऊन, त्या मुलांनी पुरातत्त्वाचं काम केलं. महाराष्ट्रात या विषयावरचा याहून चांगला शालेय उपक्रम मला दिसत नाही.

कायद्याचा भागही थोडक्यात मुलांना सांगावा. १८७८च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर आणि निर्यातीवर बंधनं घातली. संरक्षित स्मारकावरून काहीही उचलायचं नाही. एवढं पुरे.

आता मागणी. डेक्कन कॉलेज, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आणि विद्यापीठांच्या विभागांत उत्खननांतून आलेली खापरं पोत्यांनी पडून आहेत. अभ्यास होऊन नोंद झालेल्या, पुन्हा पुन्हा तशाच मिळणाऱ्या साध्या खापरांच्या पेट्या करून त्या पाचवी-सहावीच्या वर्गांना उसन्या द्याव्यात. पेटीत दहा खापरं, एक भिंग, एक मोजपट्टी आणि एक वही असली तरी चालेल. वहीत दोनच रकाने हवेत: काय दिसलं, आणि त्यावरून काय वाटतं. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, धडे पुस्तकात आहेतच. शिक्षकांना एका दिवसाचं प्रशिक्षण पुरेल. सुरुवात शिरूर तालुक्यापासून करावी. इनामगाव तिथलंच आहे, आणि तिथल्या मुलांना ते आधी कळायला हवं.